भाजीची यादी मोडीत लिहा

मोठ्या वयात काही नवं शिकायचं ठरवलं की आपण आधी सामान जमवतो. नवी वही, चांगलं पेन, मोबाइलवर ॲप, पहाटे पाचचा गजर. पहिला आठवडा झोकात जातो. दुसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे येतात, नाहीतर ऑफिसात मार्चएंड येतो, आणि वही टीव्हीखालच्या खणात जाऊन पडते. दोष आळसाचा नसतो. शिकण्यासाठी दिवसात वेगळी जागा करायला गेलं की असं होतं, कारण संसारी माणसाच्या दिवसात रिकामी जागा नसतेच. जे लिहिणं-वाचणं आपण रोज करतोच, त्यातच शिकणं घुसवलं तर ते टिकतं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एकच विषय धरून सांगतो: मोडी लिपी. विषय मुद्दाम निवडलाय. भाषा आपलीच असल्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं असतं. खर्च जवळजवळ नाही. आपण कालच्यापेक्षा पुढे गेलो की नाही हे कागदावर स्वच्छ दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही. आणि बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या फळीवर किंवा चुलत्यांच्या कपाटात मोडीतले कागद असतातच: खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जात होती, म्हणजे आपल्या पणजोबांना जे सहज येत होतं ते दोन-तीन पिढ्यांत घरातून गेलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली, हे अनेकांनी पाहिलंच.

सुरुवातीला काय घेऊ नये

बोरू घेऊ नका. मोडी म्हटलं की बोरू, दौत, हातकागद असं सगळं डोळ्यांपुढे येतं आणि ते आणण्यातच हौस संपते. बोरू तासणं, त्याचा तिरका काप जमवणं हे स्वतंत्र कसब आहे. ते सहा महिन्यांनी शिका, तेव्हा त्यात खरी मजा येईल. आता घरातलं कुठलंही पेन आणि एकरेघी वही पुरे. यांशिवाय एक मुळाक्षरांचा आणि बाराखडीचा तक्ता लागेल. मोडी शिकवणाऱ्या कुठल्याही लहानशा पुस्तिकेत तो असतो.

मोबाइलवर मोडीचा फाँट मिळतो. युनिकोडमध्ये २०१४ साली मोडीचा समावेश झाला, त्यामुळे आता ती टंकताही येते. पण सुरुवातीला टंकू नका. मोडी ही हाताची लिपी आहे. लेखणी कमीत कमी वेळा उचलावी लागावी, यासाठीच तिची वळणं तशी गोलाकार झाली. टंकताना हाताला ते वळण कळत नाही, आणि जे हाताला कळलं नाही ते जुन्या कागदावर डोळ्यांनाही ओळखू येत नाही.

पहिले काही दिवस: रेघ, नाव आणि काना

देवनागरीत, म्हणजे जिला जुनी माणसं बाळबोध म्हणत तिच्यात, आपण आधी शब्द लिहितो आणि मग डोक्यावर रेघ ओढतो. मोडीत उलटं आहे. आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. एकरेघी वहीचा इथे फुकट उपयोग होतो. छापील रेघ हीच शिरोरेषा समजा आणि अक्षरं तिच्या खाली काढत जा. आपल्याला रेघेच्या वर लिहायची सवय असते, ती मोडायला दोन-तीन दिवस जातात.

अक्षरं क-ख-ग-घ अशी क्रमाने शिकू नका. ङ आणि ञ यांच्यावर एक संध्याकाळ घालवून कुणाचंही भलं झालेलं नाही. स्वतःचं नाव लिहा, मग घरातल्या सगळ्यांची, मग गावाचं आणि आडनाव. एवढ्यातच बरीचशी नेहमीची अक्षरं येऊन जातात. ती आपल्या माणसांच्या नावातली असल्यामुळे घोकावी लागत नाहीत.

इथे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळा. नुसतं अक्षर गिरवू नका, त्याला काना-मात्रा लावूनच गिरवा. मोडीत काना बाळबोधीसारखा सुटा उभा दांडा नसतो. अक्षर जिथे खाली संपतं तिथूनच हात वर वळतो आणि शिरोरेषेला जाऊन भिडतो, तोच काना. त्यामुळे ‘क’ आणि ‘का’ यांची आकृती तोंडावळ्यातच बदलते. काही अक्षरं, विशेषतः ‘र’, शेजाऱ्याला जुळताना इतकी रूपं घेतात की नुसत्या मुळाक्षरांचा तक्ता पाठ करून कागद उघडणारा माणूस पहिल्याच ओळीत अडखळतो. मोडी सोडून देणाऱ्यांतले बहुतेक इथेच सोडतात. त्यांना मुळाक्षरं येत असतात, बाराखडी येत नसते.

सोपा भाग म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. वेलांटी साधारण एकच, उकार एकच. शाळेत ज्याचे गुण कापले गेले त्याने हा सूड मनसोक्त घ्यावा. जोडाक्षरंही कमी, अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला.

यादी, डबे आणि दुधाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. नावं जमायला लागली की ‘सराव’ नावाची वेगळी गोष्ट बंद करा आणि घरातलं खरं लिखाण मोडीत आणा.

भाजीच्या यादीपासून सुरुवात करा. कांदे, बटाटे, मेथी, लिंबं, आलं, कढीलिंब. यादी रात्री तक्ता बघून लिहा, पण मंडईत तक्ता नेऊ नका. तिथे गाड्यापुढे उभं राहून, मागे माणसं खोळंबलेली असताना, आपलंच लिहिलेलं वाचायचं. ‘मेथी’ की ‘मोहरी’ हे तिथे कळलं नाही तर घरी येऊन त्या दोन अक्षरांत नेमका फरक कुठे आहे ते डोळे फाडून बघाल, आणि ते परत विसरणार नाही. बाजारातल्या त्या दोन मिनिटांएवढी चांगली परीक्षा कुठलाही वर्ग घेत नाही. यादी घेऊन घरातलं दुसरं कुणी जाणार असेल तर मात्र खाली बाळबोधीतही लिहा. घरात शांतता राहिलेली बरी.

दुसरं, स्वयंपाकघरातले डबे. हळद, जिरं, मोहरी, धणे, साखर, रवा. कागदाच्या पट्ट्या लिहून चिकटवल्या की दिवसातून दहा वेळा नजर पडते. महिन्याने त्या पट्ट्या काढून नव्या लिहा. जुन्या फेकू नका, वहीत चिकटवा. दोन्ही शेजारी ठेवल्या की हात किती मोकळा झाला ते दिसतं.

तिसरं दुधाचा, इस्त्रीचा, वाण्याचा हिशेब. यात मोडी कागदांतली अपूर्णांक लिहायची जुनी रीत वापरा, ती फार सुटसुटीत आहे. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वा लिटर दूध १।, दीड लिटर १॥, पावणेदोन १॥।. अडीच किलो तूरडाळ २॥. कॅलेंडरवर दुधाच्या चौकोनात असं लिहायला लागलात की आठवड्यात हात बसतो. पुढे खरेदीखतात रकमेपुढे अशा रेघा आल्या की आपण थांबत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की त्याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या तर त्या ‘अर्धा’ नसतात. तिथे शब्द तोडून लिहिलाय अशी ती खूण असते: मु॥ म्हणजे मुक्काम, क॥ म्हणजे कसबे, मौ॥ म्हणजे मौजे. नवख्याला गावाच्या नावामागे हा अर्धा कशाचा असा प्रश्न पडतो. आकड्यापुढे अर्धा, अक्षरापुढे संक्षेप, एवढं पक्कं करा.

हे सगळं करायला दिवसाचा किती वेळ जातो? यादी, डबे, हिशेब हे तुम्ही एरवीही लिहितच होतात. सुरुवातीला तिप्पट वेळ लागेल इतकंच. एखाद्या दिवशी कंटाळा आला तर बाळबोधीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी परत मोडीत. खाडा पडला म्हणून सगळं सोडून देणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. खाडे मोजायची सवयच मला घातक वाटते.

जिथे हौस खचते ती जागा

आपलं लिहिलेलं आपल्याला वाचता यायला लागतं. मग हुरूप येऊन माणूस खरा जुना कागद समोर घेतो आणि त्याला काहीही लागत नाही. एक अक्षर नाही. सगळ्यांचं होतं.

कारण साधं आहे. जुन्या लेखनात शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ओळ संपली म्हणून शब्दही संपलेला असेलच असं नाही. ‘पत्रपावलेनाहीतरीपाठवणे’ असं सलग आलं की पत्र पावलं की नाही पावलं? ‘पत्र पावले नाही, तरी पाठवणे’ असंही होतं आणि ‘पत्र पावले. नाही तरी पाठवणे’ असंही. हे अक्षरांवरून सुटत नाही, मागच्यापुढच्या मजकुरावरूनच सुटतं. त्यात लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. चिटणिसी वळणाचा पेशवाईतला कागद आणि इंग्रजी अमलातला टाकाने भराभर लिहिलेला कागद यांत फार फरक असतो. पेशवाईतलं अक्षर देखणं म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. माझं मत जरा वेगळं आहे. पहिला कागद इंग्रजी अमलातल्या एखाद्या गावच्या नोंदवहीचा घ्यावा, कारण तिचे रकाने बऱ्याचदा बाळबोधीत छापलेले असतात. रकान्यावर ‘बापाचे नाव’ छापलं असेल तर खाली नावच असणार. निम्मं कोडं छापखान्यानेच सोडवून ठेवलेलं असतं. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

या टप्प्यावर कसं बसायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पद्धत चुकली की महिनाभर वाया जातो.

कागदाचा फोटो मोबाइलवर मोठा करा आणि फक्त दोन ओळी घ्या. आधी वाचू नका, नक्कल करा. जशा दिसतात तशा, अर्थ कळो न कळो, वळणासकट वहीत उतरवा. हात त्या लेखकाच्या वळणावरून गेला की डोळ्यांना बऱ्याच गोष्टी आपोआप दिसायला लागतात. मग त्याखाली बाळबोधीत लिहा. जे अक्षर नक्की लागलं ते लिहा, ज्याची शंका आहे त्याखाली टिंब द्या, जे अजिबात लागलं नाही तिथे आडवी रेघ. अंदाजाने भरू नका. नवशिक्याचा मोठा शत्रू अज्ञान नसून अंदाज असतो. एकदा ‘पाटील’ असं मनात बसलं की तिथे ‘पारील’ असलं तरी ‘पाटील’च दिसतं.

नंतर त्या दोन ओळी मोठ्याने म्हणा. सलग, न थांबता, दोन-चार वेळा. डोळ्यांना न दिसलेला शब्द कानाला सापडतो, हा अनुभव प्रत्येकाला येतो. घरात नव्वदीतलं कुणी असेल तर त्यांच्यासमोर म्हणा. त्यांना आता अक्षरं आठवत नसतील, पण ‘सदरहू’, ‘बजाबता’, ‘गुदस्त’, ‘साल मजकूर’ असे शब्द कानावरून गेलेले असतात आणि ते चटकन दुरुस्त करतात.

मग कागद बाजूला ठेवा. आठवड्याने त्याच दोन ओळी, आधीचं न बघता, परत लावा. आधीच्या पानावर किती आडव्या रेघा होत्या आणि आता किती राहिल्या, हीच तुमची प्रगती. जुनं पान खोडू नका, त्यावर दुरुस्त्याही करू नका. नवं पान घ्या. एका अक्षराला दुसरं समजून फसलात की वहीच्या मागच्या पानावर त्या जोडीची नोंद करा. प्रत्येकाच्या जोड्या निराळ्या असतात, म्हणून ही यादी छापील पुस्तकात मिळत नाही, आपलीच करावी लागते.

पत्रं वाचत असाल तर ठरलेल्या वाक्यांचा आधार घ्या. वर ‘श्री’. मग मायना. मग जवळजवळ हमखास ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ या धाटणीचं वाक्य. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘हे विनंती’, किंवा वरिष्ठाचं पत्र असेल तर ‘जाणिजे’. ही वाक्यं आधी बाळबोधीत पाठ करा. अनोळखी पत्राची पहिली आणि शेवटची ओळ त्यामुळे लागते, आणि त्या दोन ओळींतून या लेखकाचा ‘क’ कसा, ‘ल’ कसा, ‘ह’ कसा हे हाती येतं. मग तेच घेऊन मधल्या मजकुरात शिरायचं.

भाषाही अडते. फारशी शब्द, जुनी क्रियापदं. त्यावर उपाय म्हणजे जुनं गद्य आधी बाळबोधीत वाचणं. इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले गेले. त्यातला कुठलाही एक भाग वाचनालयातून आणा आणि रात्री झोपताना दोन पत्रं वाचा. लढायांची नको असतील तर घरगुती घ्या: दुखणी, लग्नं, उसनवार, कुणाची तरी तक्रार. महिनाभरात कान त्या भाषेला सरावतो.

तारखेचा गुंता

कागद लागला, पण केव्हाचा? इथे लोक विनाकारण घाबरतात. शके असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र पौषापासून पुढचा बराचसा काळ जानेवारीनंतर पडतो, तिथे ७९. महसुलाच्या कागदांतल्या फसली सनाला ५९०. मराठी दफ्तरांत चालणारा सुहूर सन असेल तर ५९९, आणि हे वर्ष मृगाला बदलत असल्यामुळे जानेवारी ते मृग या काळासाठी ६००.

सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी संख्यांच्या नावांनी लिहितात, तेही एकंपासून उलट. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि पुढच्या जानेवारीसाठी ६०० मिळवले की १७६१. म्हणजे पानिपतचं वर्ष. साधं गणित करून पडताळा घ्या: पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध ८. पौष असल्याने ७९ मिळवले, १७६१ आलं, आणि तारीख १४ जानेवारी. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोचलात की तारखेची भीती जाते.

संख्यांची ही नावं थोडीच आहेत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, मग अशर म्हणजे दहा. फ्रिजवर पट्टी लावा. रोजच्या तारखेसोबत चालू सुहूर सन लिहायची सवय लावली तर पंधरा दिवसांत पाठ होतात. मुलांना यात फार मजा येते. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात, हेही सहन करायची तयारी ठेवा.

घरचे कागद आणि बाहेरचे

ट्रंकेतले कागद बाहेर काढाल तेव्हा घाई नको. घडी कडक झाली असेल तर ओढून उघडू नका. थुंकी लावून पान उलटू नका. फाटलं असेल तर चिकटपट्टी अजिबात नको, लॅमिनेशन तर नकोच. दोन्हीमुळे कागद कायमचा जातो. खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि पुढचं सगळं वाचन फोटोवरून करा.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी हव्या असतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागता येते. ती मिळाल्यावर तुम्ही स्वतः वाचलीत तरी सरकारी कामाला तुमचं वाचन चालत नाही, तिथे अधिकृत लिप्यंतरच लागतं. पण आपल्याला वाचता येत असेल तर कुठली नोंद कामाची आणि कुठली नाही हे पैसे देण्याआधी कळतं, आणि लिप्यंतरात नाव चुकलं तर लगेच बोट ठेवता येतं.

सोबत हवी असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. मंडळ १९१० सालचं, इतिहासाचार्य राजवाड्यांनी सुरू केलेलं. राज्याचं पुराभिलेख खातंही प्रशिक्षण वर्ग घेतं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. तमिळनाडूत असाल तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे. भोसल्यांच्या राज्याचा कारभार तिथे मोडीत चालत होता. वर्गाला जरूर जा, पण वर्ग संपला म्हणून यादी बाळबोधीत लिहू नका. वर्ग केलेले आणि सहा महिन्यांत विसरलेले लोक वर्ग न केलेल्यांपेक्षा जास्त निघतील, असा माझा आपला अंदाज.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. परवानगीसाठी अर्ज करावा लागतो, तेव्हा ओळखपत्र आणि विषय नक्की ठरवून जा. ‘मराठ्यांचा इतिहास’ असा विषय सांगितलात तर कर्मचारी बिचारे काय देणार? आपल्या गावाचं नाव, परगणा आणि साधारण काळ सांगा. गाव आज ज्या तालुक्यात आहे त्याच परगण्यात तेव्हा असेल असं नाही, ते आधी जुन्या गॅझेटिअरमध्ये पाहून ठेवा. पहिल्या भेटीत एकच रुमाल मागवा आणि त्यातला एकच कागद लावा. सोबत पेन्सिल न्या. त्या कागदांजवळ शाईचं पेन कुणालाच नको असतं.